नमुना क्रमांक चौदा

डाकारच्या सांदागा बाजारातून सत्तावीस डब्या आणल्या,
पावत्या मिळाल्या चार.
चौदावी डबी न्यिलानची.
शिंप्याच्या मशीनशेजारी तिचं टेबल,
वर छत्री, छत्रीला भोक,
भोकातून कवडसा थेट मलमावर.

"कोजिक ॲसिड. शंभरात एक," ती म्हणाली.
"मोजतेस कशानं?"
तिनं चहाचा चमचा दाखवला,
दांडा वाकलेला.
मी हसले नाही. हसायचा पगार मला मिळत नाही.

मलम आपणहून काही सांगत नाही.
तेलानं पाणी पोटात धरलेलं, पाण्यानं आम्ल,
आणि मेणानं सगळ्यांच्या तोंडावर हात ठेवलेला.
अर्धा ग्रॅम तोलायचा, मिथेनॉलमध्ये ढवळायचा,
साठ अंशांवर ऊब द्यायची,
मग बर्फात बसवायचं.
मेण थिजतं, बाजूला होतं,
भांडणातून उठून गेलेल्या थोरल्या काकासारखं.
गाळणीखाली जे उरतं ते नितळ,
कुणाच्याच चेहऱ्याचं नसलेलं.

दियाता साहेबांना शुक्रवारी यादी हवी होती:
कोण दोषी, एवढंच.
बुधवारी दुपारी वीज गेली.
जनरेटर दोनदा शिंकला आणि गप्प.
मालिक डिझेल ओतून वर येईपर्यंत
कॉलम थंड पडला होता, सगळं पहिल्यापासून:
माहितीतली पाच द्रावणं, पाच शिखरं,
त्यांच्या माथ्यांवरून बेतलेली एक सरळ रेघ.
माझ्या आयुष्यात सरळ म्हणावी अशी तेवढीच.

मग डब्या. एकेक सुई, एकेक थेंब.
चार मिनिटं अकरा सेकंदांनी
पडद्यावर टेकडी उगवते,
आम्ल असेल तर.
तिसऱ्या डबीवर परदेशी मनोरा छापलेला: टेकडी नाही.
आठवी, सोनेरी झाकणाची: सहा टक्के,
आणि शेजारी आणखी एक शिखर
ज्याचं नाव झाकणावर कुठंच नाही.
अकरावीत नुसतं मेण आणि गुलाबाचा वास.
चौदावी: शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव.
मी पुन्हा सुई भरली.
शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.

अहवालात चमच्यासाठी रकाना नाही.

उरलेली डबी मी खिडकीत विसरले.
हरमाटनची धूळ, महिनाभराचं ऊन.
झाकण काढलं तर मलम पांढरं राहिलं नव्हतं:
कडांना पिवळट, मधोमध
भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग.
मोजलं. शून्य पूर्णांक एक्केचाळीस.
बाकीचं हवेनं खाल्लं, उजेडानं खाल्लं.
लोकांना उजळायला निघालेलं
स्वतःच रापून बसलं होतं.

डबी घेऊन मी न्यिलानकडे गेले.
कामाच्या वेळेत, कुणाला न सांगता.
तिनं वास घेतला, बोट बुडवलं, उन्हात धरलं.
"म्हणून दुसऱ्या महिन्यात परत येतात होय बायका.
मला वाटायचं, गुण आला."
आणि इतकी हसली की शिंप्यानं पाय थांबवला.
मग बर्फाच्या पेटीत, बिसापच्या लाल बाटल्यांमध्ये
डब्यांसाठी जागा करू लागली.

तेव्हा दिसले हात.
चेहरा फिकट, मान फिकट,
पण बोटांच्या प्रत्येक सांध्यावर
मूळचा रंग तसाच, पाय रोवून,
हाकललं तरी न उठणाऱ्या भाडेकरूसारखा.
मी बघतेय हे तिनं बघितलं.
"हे मोजता येतं तुला?"

मी तिचा हात हातात घेतला, मोजू लागले.
अकराव्या गाठीपाशी गिऱ्हाईक आलं.
हात तिनं काढून घेतला
चमचा उचलायला.